पंचांवाचून खेळ

जसोंडी हे माझे गाव. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. घरात मराठी, शाळेत व बाजारात हिंदी. आणि मामा बेळगावात असल्यामुळे महाविद्यालयासाठी मी इकडे आलो, तेव्हा आता तीन वर्षे कानांवर कन्नडही आहे. हे सांगण्याचे कारण असे की, ज्या खेळाची गोष्ट मी काढणार आहे तो बर्फावरचा आहे, आणि आमच्या गावात बर्फ म्हणजे लग्नसराईत लाकडाच्या भुशात व गोणपाटात गुंडाळून शहरातून येणारी लादी. वैशाखात आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. 'हा कुठला बर्फाचा जाणकार!' असे वाचकांनी म्हणण्याआधी ते मीच म्हणून टाकतो.

खेळाचे नाव कर्लिंग. पहिल्यांदा ऐकले तेव्हा केस कुरळे करण्याचा काही प्रकार असावा असे मला वाटले. माझे एक मावसभाऊ कॅनडात विनिपेगला नोकरीस आहेत. आम्ही सारी भावंडे त्यांना दादा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत त्यांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "दर मंगळवारी रात्री मी दगड ढकलायला जातो." मावशीला वाटले, पोराची नोकरी गेली आणि कुठे बांधकामावर लागला! तिने फोनवरच डोळ्यांना पदर लावला. मग दादांनी सर्व समजावून सांगितले. त्यांच्या कचेरीतील तिघांनी एका क्लबात नाव घातले होते, चौथा गडी कमी पडत होता, म्हणून यांना ओढून नेले. पहिल्या दिवशी दादा तीनदा आपटले. त्यांच्या संघापेक्षा समोरच्या संघानेच त्यांना जास्त वेळा उठवून उभे केले म्हणे.

खेळ तसा आपल्या गोट्यांचा थोरला भाऊ आहे. सुमारे पंचेचाळीस मीटर लांब अशी बर्फाची पट्टी. तिच्या दोन्ही टोकांना एकात एक वर्तुळे काढलेली. त्याला ते 'घर' म्हणतात. वीस किलोच्या आतबाहेर वजनाचा, वर मूठ बसवलेला, घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइटचा दगड एका टोकाकडून सोडायचा आणि दुसऱ्या टोकाच्या घरात, मध्यबिंदूच्या जितक्या जवळ नेता येईल तितका न्यायचा. संघात चौघे, प्रत्येकाला दोन दगड, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून सोळा. समोरच्याचा दगड ठोकून घराबाहेर काढता येतो, आपल्या दगडापुढे दुसरा दगड आडोशाला ठेवता येतो. सोडताना मुठीला किंचित पीळ दिला की दगड वाटेत वळण घेत जातो; त्या वळण्यावरूनच खेळाचे नाव पडले असे म्हणतात. आणि सर्वांत गमतीचा भाग म्हणजे झाडू. दगड निघाला की त्याच संघातले दोघे त्याच्यापुढे बर्फ खसाखसा घासत धावतात. घासल्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होते, दगड अधिक दूर व अधिक सरळ जातो. घरी कधी केरसुणीला हात न लावलेले दादा तिकडे पैसे भरून झाडू मारतात, हे ऐकून मावशीला रडू आवरून हसू आले.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. थंडीत तळी गोठली की शेतकरी, लोहार, पाद्री, जमीनदार सगळे एकाच तळ्यावर जमत. 1838 मध्ये तिथल्या लहान लहान क्लबांनी एकत्र येऊन एडिंबरोस मध्यवर्ती संस्था स्थापन केली. 1842 मध्ये राणी व्हिक्टोरिया स्कोनच्या राजवाड्यात उतरली असताना तिला हा खेळ दाखवायचा होता, पण बर्फ नव्हता, म्हणून दिवाणखान्याच्या लाकडी जमिनीवरच दगड सरकवून दाखविले! पुढच्याच वर्षी संस्थेच्या नावामागे 'रॉयल' लागले. 1847 पासून उत्तर स्कॉटलंड विरुद्ध दक्षिण स्कॉटलंड असा प्रचंड सामना गोठलेल्या तळ्यावर खेळला जाई. पण त्याला पुरेसा जाड बर्फ हवा, आणि तो दरवर्षी थोडाच मिळतो? असा शेवटचा सामना 1979 मध्ये झाला. 2010 मध्ये बर्फ आला, पण सुरक्षिततेच्या काळजीने बेत रद्द झाला. हिवाळी ऑलिंपिकमध्ये 1998 पासून कर्लिंगला कायमची जागा आहे. असो. इतिहास एवढा पुरे. मला बोलायचे आहे ते दादांच्या मंगळवारच्या सामन्यांविषयी.

कारण दादांनी पुढे जे सांगितले त्याने मी जरा अस्वस्थ झालो. त्यांच्या क्लबातल्या लीगमध्ये पंच नसतोच. अजिबात नसतो. दगड चालू असताना घासणाऱ्याचा झाडू किंवा बूट त्याला लागला, तर तो दगड बाद होतो. पण लागला हे कुणी सांगायचे? ज्याचा लागला त्याने. पुष्कळदा तो स्पर्श इतका हलका असतो की त्याच्याखेरीज कोणाला कळणे शक्य नसते. तो थांबतो, हात वर करतो आणि "माझा लागला" म्हणतो. एक डाव संपला की दोन्ही संघांचे दोघे उपकर्णधार घरापाशी उभे राहून कोणाचा दगड जवळ ते पाहतात आणि आपापसात गुण ठरवितात; डोळ्यांनी ठरेना तरच मोजपट्टी. हरणे अटळ दिसले की हरणारा मध्येच हस्तांदोलन करून सामना सोडतो, आणि त्यात कमीपणा नाही. खेळापूर्वी हस्तांदोलन, खेळानंतर हस्तांदोलन. मग दोन्ही संघ एकाच टेबलाभोवती बसतात आणि पहिला पेला जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचा. (पेल्यात काय असते ते दादांनी मावशीला सांगितले नाही. मीही सांगत नाही.)

मी अस्वस्थ झालो त्याचे कारण माझा घोटा.

गेल्या वर्षी आपल्या आंतरवर्गीय कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना ज्यांनी पाहिला त्यांना तो आठवत असेल. आमच्या संघात वसतिगृहातली बहुतेक मराठी मुले होती, समोर बहुतेक कन्नड. असे कोणी ठरवून केले नव्हते. ज्या खोल्यांत जे राहतात त्यांचे संघ होतात, एवढेच. शेवटचे मिनिट. आम्ही एका गुणाने पुढे. त्यांचा सर्वांत तरबेज गडी चढाईस आला. मी कोपऱ्यात होतो. त्याने हाताची हूल दिली, मी मागे सरलो, आणि परत फिरता फिरता त्याने पाय लांबविला. त्याचा अंगठा माझ्या उजव्या घोट्याला लागला. निसटता, पण लागला. तो मध्यरेषा ओलांडून हात उंचावत वळला. पंच दुसऱ्या बाजूला होते, त्यांना दिसले नाही. त्यांनी मान हलविली. त्या गड्याने माझ्याकडे पाहिले. मी खाली वाकून पायाला माती चोळली.

आम्ही ढाल जिंकली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. आरडाओरडा झाला, घोषणा झाल्या, आणि थोड्याच वेळात त्या घोषणांत कबड्डीचा संबंध उरला नाही. मेसमध्ये महिनाभर मराठी मुले एका बाकावर व कन्नड मुले दुसऱ्या बाकावर बसत होती. आमटीचे भांडे एका टेबलावरून दुसऱ्यावर मागायचे तर वाढप्यामार्फत मागायचे. शहाणी माणसे म्हणाली, या भागात भाषेचा प्रश्न फार जुना आहे, तो असा कुठेही डोके वर काढतो. भाषेचा प्रश्न जुना आहे, हे खरेच. पण त्या दिवशीचे भांडण भाषेचे नव्हते, माझ्या घोट्याचे होते. आणि ते मी एक शब्द बोलून मिटवू शकलो असतो.

मी जात्या लबाड आहे असे मला वाटत नाही. निदान जसोंडीत नव्हतो. तिकडे कपाशी उपटून झाली की रिकामे शेत आम्हां पोरांचे. ढेकळे फोडून, काठीने रेघ ओढून आम्ही कबड्डी खेळत असू. पंच नव्हता, शिट्टी नव्हती. "लागला का रे?" "लागला." इतका साधा कारभार. चढाई करणाऱ्याच्या नखाचा ओरखडा कोणाच्या कमरेला गेला तर तो स्वतःच "मी मेलो" म्हणून बाहेर जाऊन बसे. खोटे बोलणारे नव्हते असे नाही. एक जण होता. त्याला कोणी मारले नाही की तक्रार केली नाही. संध्याकाळी त्याच्या घरासमोरून जाताना कोणी हाक मारीनासे झाले. चार दिवसांनी तो आपण होऊन आला आणि पहिल्याच चढाईत, लागला नसतानाही "लागला" म्हणाला! आम्ही हसलो आणि खेळ पुढे चालू झाला.

म्हणजे तोच मी, तोच खेळ, आणि तोच स्पर्श. शेतात जे तोंडातून आपोआप निघत होते ते मैदानावर का निघाले नाही? वर्षभर याचा विचार करता मला असे दिसते की, मैदानावर पंच होते म्हणून. मी पंचांना दोष देत नाही. एका माणसाने उन्हात उभे राहून चौदा माणसांचे अठ्ठावीस पाय पाहायचे, हे देवालाही कठीण. पण पंच आला की खेळाडूच्या मनात एक सोयीची वाटणी होते: खेळायचे मी, खरे-खोटे पाहायचे त्यांनी. त्यांना दिसले नाही तर ते झालेच नाही. खरेपणा हा माझ्याकडे होता तो मी त्यांच्या शिट्टीला बांधून टाकला. त्या क्षणी मला खोटे बोलतो आहे असेसुद्धा वाटले नाही. मी काही बोललोच नव्हतो ना!

यावर कोणी म्हणेल, पंचांना काढून टाका, असे सांगतोस की काय? विद्यापीठाच्या सामन्यांत नाही. मोठ्या स्पर्धेत पंच हवेच. कर्लिंगमध्येही मोठ्या स्पर्धांत पंच असतात. एवढेच नव्हे, दगड वेळेवर सोडला की नाही ते कळावे म्हणून मुठीत विजेचे यंत्र बसविलेले असते, आणि चूक झाली की त्यावर लाल दिवा लागतो. म्हणजे तिथेही वरच्या पायरीवर नुसता विश्वास पुरलेला नाही. हे मी लपवून ठेवीत नाही. पण मंगळवारच्या लीगमध्ये तो दिवा नाही. तिथे शिकलेला माणूस वर जातो. आपल्याकडे मात्र ती खालची पायरीच आपण काढून टाकली आहे. शाळेतल्या पहिल्या सामन्यापासून शिट्टी, ढाल, आणि आता गावोगावच्या फलकांवर रोख बक्षिसांचे आकडे. 2014 पासून दूरचित्रवाणीवर कबड्डीची व्यावसायिक लीग आली. खेळाडूंना पैसा मिळू लागला, मान मिळाला, त्याचा मला आनंदच आहे. पण तिचे अनुकरण करताना आपण दिवे व ध्वनिवर्धक तेवढे उचलले, 'लीग' या शब्दाचा अर्थ उचलला नाही.

तो अर्थ असा. आपल्या संमेलनातील स्पर्धा बाद पद्धतीने होतात. सोळा संघ असले तर एकूण सामने पंधरा. पहिल्या फेरीअखेर आठ संघ घरी. म्हणजे निम्म्या मुलांनी वर्षातून एकदा, चाळीस मिनिटे खेळायचे, हरायचे आणि उरलेला आठवडा कडेला उभे राहून ओरडायचे. ज्याच्याशी खेळलो तो पुन्हा समोर येण्याची शक्यता नाही. निदान यंदा नाही. अशा सामन्यात घोट्याचा स्पर्श लपविणे किती स्वस्त पडते पाहा! लीगमध्ये प्रत्येकाशी गाठ. आठ संघ असले तर प्रत्येकाचे सात सामने, एकूण अठ्ठावीस. दुसरी फेरी असेल तर त्याच गड्यासमोर पुन्हा उभे राहायचे. दादांच्या क्लबातील लोक स्वभावाने आपल्यापेक्षा सज्जन आहेत असे मी मुळीच मानीत नाही. त्यांना पुढच्या मंगळवारी तीच तोंडे पाहायची असतात, हे त्यातले निम्मे गुपित आहे. जसोंडीच्या शेतातही तेच होते. उद्या पुन्हा त्याच पोरांत खेळायचे होते.

मित्रत्वाच्या सामन्याला आपण हल्ली हलके समजतो. 'फ्रेंडली होता, त्यात काय!' असे म्हणतो. जणू मैत्री म्हणजे खेळाचा दर्जा उतरविणारी गोष्ट. दादांना एकदा मी हेच विचारले. ते म्हणाले, "अरे, शेवटचा दगड सोडताना माझे गुडघे लटपटतात. जिंकायचे असतेच. फक्त लबाडीने जिंकायचे नसते, कारण लगेच त्याच टेबलावर बसायचे असते." मला वाटते, ढालीसाठी खेळताना माझे गुडघे त्याहून जास्त लटपटले नव्हते.

सामना कितीही मोठा असो, हे साधते याचा दाखला आपल्याच घरात आहे, आणि या अंकाच्या दोन्ही विभागांना तो सारखाच जवळचा वाटावा. 1980 च्या फेब्रुवारीत मुंबईला वानखेडे मैदानावर भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा कसोटी सामना इंग्लंडशी झाला. भारताचा कर्णधार होता गुंडाप्पा विश्वनाथ, भद्रावतीचा. इंग्लंडचे निम्मे गडी लवकर गारद झाले होते. यष्टिरक्षक बॉब टेलर यास पंचांनी झेलबाद दिले. टेलर घुटमळला, बॅट लागलीच नाही असे त्याचे म्हणणे. विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता. चेंडू बॅटला लागला नाही अशी त्याची खात्री होती. त्याने पंचांना विनंती करून टेलरला परत बोलाविले. मग टेलर व बोथम यांनी 171 धावांची भागी केली, बोथमने 114 काढल्या, सामन्यात तेरा बळीही घेतले, आणि भारत दहा गडी राखून हरला. पुष्कळांनी तेव्हा विश्वनाथला भोळा ठरविले असेल. आज त्या सामन्याचे नाव निघाले की बोथमच्या मागोमाग त्याचे नाव निघते. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते: पंचांनी निर्णय दिलेला होता. विश्वनाथला एक शब्दही बोलायचे कारण नव्हते. माझ्याइतकीच सोयीची जागा त्याला मिळाली होती.

आता या सगळ्याला जिमखान्यातून जे आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत, कारण मी ते तोंडी ऐकून आलो आहे. पहिला: बक्षीस नसेल तर येणार कोण? त्यावर माझे उत्तर असे की, रोज संध्याकाळी वसतिगृहामागे विटा रचून क्रिकेट खेळणाऱ्या वीस-पंचवीस मुलांना कोणते बक्षीस मिळते ते पाहून या. दुसरा: पंच नसले तर मारामाऱ्या होतील. गेल्या वर्षी पंच होते. तिसरा आक्षेप जरा खरा आहे. मुले सुरुवातीला खोटे बोलतील. बोलतीलच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत "लागला", "नाही लागला" यावर पाच-पाच मिनिटे जातील, एखादा सामना अर्धवट राहील. जसोंडीतल्या त्या मुलालाही चार दिवस लागले होते. तेवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर मात्र हा नाद सोडावा.

माझी सूचना थोडक्यात अशी. संमेलनातील ढालीची स्पर्धा आहे तशी राहू द्या, तिला पंच राहू द्या. तिच्याशिवाय वर्षाच्या पहिल्या सत्रात दर शनिवारी दुपारी मित्रत्वाची लीग सुरू करावी. आठ संघ, शनिवारी दोन सामने धरले तर अठ्ठावीस सामने चौदा शनिवारांत संपतात. पाऊस आला तर पुढचा शनिवार. कबड्डीनेच सुरुवात करू, खर्च चुन्याच्या दोन पिशव्यांचा. पुढे खो-खो, लगोरी काहीही. पंच नाही. ज्याला लागला त्याने सांगायचे, न पटल्यास दोघा कर्णधारांनी तिथल्या तिथे ठरवायचे. गुणफलक नको, वहीत निकाल लिहावा आणि दोन्ही कर्णधारांनी सही करावी. सामन्यानंतर जिंकणाऱ्या संघाने हरणाऱ्या संघास कँटीनमध्ये चहा द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, संघ खोल्यांवरून वा वर्गांवरून न पाडता चिठ्ठ्या टाकून पाडावेत.

या शेवटच्या गोष्टीला कपाळाला आठ्या पडतील. 'आमची भाषा त्यांना कळत नाही, खेळताना ओरडायचे कसे?' म्हणून. खेळाला भाषा फारशी आडवी येत नाही, असा माझा अनुभव आहे. जसोंडीत आम्ही ज्याला सितोलिया म्हणायचो त्याला इथे मराठी मुले लगोरी म्हणतात, आणि कन्नड मुले? तीही लगोरीच म्हणतात! मध्य प्रदेशातून आलेला मी एकटाच त्या वेळी परभाषिक ठरलो. आमचे विटीदांडू, त्यांचे चिन्नीदांडू. माझे आजोबा विटीदांडूत धावा मोजताना वकट, लेंड, मुंड, नाल असे मोजीत. हे शब्द कुठले हे गावात कोणालाच सांगता येत नसे. पोरांचे काहीतरी बडबडणे, असे आम्ही समजत होतो. इथे आल्यावर तेलुगूतले ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु कानी पडले, आणि शेजारच्या खोलीतल्या मित्राने कन्नडमधले ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु म्हणून दाखविले, तेव्हा मी थक्क झालो. आमच्या आजोबांनी तापीकाठच्या शेतात उभे राहून जन्मभर दक्षिणेतले आकडे मोजले, आणि त्यांना पत्ताही नव्हता! कोणत्या काळी, कोणत्या फौजेबरोबर वा तांड्याबरोबर ते आकडे वर चढले, कोण जाणे. विटी टोलवणाऱ्या पोरांनी मात्र ते कोणाचे आहेत हे न विचारता ठेवून घेतले. (भाषेच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढच्या अंकात यावर सविस्तर लिहील तर बरे होईल. मला एवढेच येते.)

आता राहिला माझा घोटा. हा लेख मराठी विभागात छापला जाईल, आणि ज्याने तो वाचावा असे मला वाटते तो अंक उलटा धरून कन्नड विभागाकडून उघडेल. त्याला मराठी बोलता येते, पण वाचण्याचा कंटाळा आहे. म्हणून संपादकांना मी विनंती केली आहे की, वरील कबड्डीच्या सामन्याचा परिच्छेद तेवढा कन्नडमध्ये करून त्यांच्या विभागात छापावा. त्यांनी जागेची अडचण सांगितली, पण नाही म्हटलेले नाही. छापला तर ठीकच. पण अंक निघायला अजून दोन महिने आहेत, आणि तोपर्यंत एका भाषांतराच्या आड बसून राहणे म्हणजे पुन्हा पायाला माती चोळण्यासारखे आहे, हे लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आले आहे. आज मेसमध्ये तो खिडकीजवळच्या बाकावर बसतो. मी ताट घेऊन तिकडे जाणार आहे.

लीगमध्ये नाव द्यायची वही सोमवारपासून जिमखान्याच्या खिडकीत ठेवलेली असेल. नाव कोणत्याही लिपीत लिहिले तरी चालेल.